गुवाहाटीला पोहोचायच्या आधी

मेघालयची सहल सहा दिवसांची होती. पुण्याच्या एक बाई फक्त बायकांसाठी अशा सहली काढतात. त्यांनी फोनवर सांगितलं, "गुवाहाटी विमानतळाबाहेर दुपारी एक वाजता जमायचं. तिथून पुढचं सगळं माझ्याकडे. तिथपर्यंत तुमचं तुम्ही या."

त्या "तुमचं तुम्ही या" मध्ये आम्हा बहिणींचे दोन महिने गेले.

मी जळगावात एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढते. अठ्ठावीस वर्षं झाली. लग्न केलं नाही, दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. माझी मोठी बहीण, अक्का, नरडाण्याजवळच्या एका खेड्यात शेती बघते. नवरा गेल्यापासून ती मुलासोबत राहायची. तो तिशीचा. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी धुळ्याला माहेरी निघून गेली होती, ती परत आली नव्हती.

दर पंधरवड्याला रविवारी अक्का सकाळच्या पॅसेंजरनं यायची आणि आम्ही नकाशा पसरून बसायचो. मला वाटेत थांबत थांबत जायचं होतं. नागपूरला एक दिवस, कोलकात्याला दोन, मग पुढची गाडी. आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत लोकांची हाडं बघितली, आता जरा खिडकीतून बघावं असं वाटत होतं. अक्काचा मात्र एकच प्रश्न असायचा.

"बठ्ठा मिळीसन किती दिन?"

"थांबत गेलो तर पंधरा."

"नही वं. आठ दिनना वर नको. इमानमा जाऊत."

जी बाई एसटीत पुढच्या सीटवर बसायला घाबरते, ती मुंबईहून विमानानं जाऊ म्हणत होती. मी नागपूर लिहिलं की ती खोडायची. कोलकाता एका दिवसावर आणलं, तेही खोडलं. एकदा तर मी चिडून पेन आपटलं. म्हटलं, "तुझ्या म्हशींची धार आठवडाभर दुसऱ्या कुणी काढली तर त्या मरणार आहेत का? सारखं घर घर!" ते वाक्य मला अजून टोचतं.

सहलीला पाच आठवडे होते तेव्हाच्या रविवारी ती आली ती डावा हात पदरात गुंडाळूनच. म्हणाली, गोठ्यात पाय घसरला. हात कोपरापासून खाली सुजून काळानिळा झाला होता. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रविवार असल्यामुळे मीच मशीन सुरू केलं, मीच तिचा हात मशीनखालच्या पाटीवर ठेवला.

स्क्रीनवर फोटो उमटला. मनगट धड होतं. करंगळीच्या बाजूचं हाड तेवढं मधोमध तुटलेलं. पडणारा माणूस तळहात टेकवतो, त्याचं मनगट जातं. मधोमध हे एकच हाड सहसा कुणाचं तुटतं, ते मी अठ्ठावीस वर्षं बघत आले. डोक्यावर काठी येताना जो हात आडवा धरतो, त्याचं. त्यात बायका जास्त. सगळ्या म्हणे घसरून पडलेल्या. आणि अक्काच्या त्याच हाडावर, तुटल्या जागेच्या चार बोटं वर, जुनी भरून आलेली गाठ होती.

मी बाहेर आले. म्हटलं, "अक्का, हे पडून होत नाही."

ती पदर हातावर ओढायला लागली.

"हे पहिल्यांदाचं पण नाही."

मग तिनं सांगितलं. नवरा गेल्यावर वर्षभरात पोराचं मारणं सुरू झालं. भाजीत मीठ कमी, मोटर बंद करायला उशीर, फोन उचलला नाही, काहीही पुरायचं. सहलीचा कागद त्याला पिठाच्या डब्यामागे सापडला होता. मला भाकरी कोण थापून देईल, असं विचारत त्यानं बैलाला हाकायची काठी घेतली. आठ दिवसांचं तिचं गणितही त्यातच होतं. एकदा ती चार दिवस नणंदेकडे राहिली होती, तेव्हा परतल्यावर तिनं चार दिवसांचा मार खाल्ला होता. जितके दिवस बाहेर, तितका मार. आठ दिवसांचा आपल्याला सोसेल, असा तिनं अंदाज बांधला होता. आणि मी तिथे थांबे वाढवत बसले होते.

प्लास्टर झाल्यावर ती संध्याकाळच्या गाडीनं परत निघाली. मी घराचं दार अडवलं. तिनं चांगल्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. आम्ही दोघी उंबऱ्यात झटापट करत होतो, साठीची ती आणि पंचावन्नची मी. शेवटी तीच दमून खाली बसली आणि राहिली.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी तो मोटरसायकलवर आला. दार वाजवलंच नाही, लाथ घातली. कडी खिळ्यांसकट निघाली.

"माय, ऊठ. घर चाल."

अक्का लगेच उठायला लागली. ते तिचं लगेच उठणं बघून माझं डोकं फिरलं. मी मध्ये गेले.

"मावशी, तू मझार पडू नको."

"ती येणार नाही."

त्यानं मला ढकललं तशी मी स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेवर तोंडावर आपटले. पुढचा दात ओठात घुसला. तोंड रक्तानं भरलं. वळून बघते तर त्यानं अक्काची वेणी हाताला गुंडाळली होती आणि तो तिला दाराकडे ओढत होता. प्लास्टरचा हात फरशीवर आपटत होता. ती ओरडत नव्हती. तोंडातून नुसता हूं हूं आवाज येत होता.

ओट्यावर लोखंडी खलबत्ता होता. मी बत्ता उचलला आणि दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यावर घातला.

मोडलेली हाडं मी हजारांनी पाहिली आहेत. हाड मोडताना होतो तो आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वाळलेली तुरकाठी मोडावी तसा. त्याची वेणीवरची पकड सुटली. तो गुडघ्यावर बसला आणि लहान मुलासारखा "माय वं, माय वं" करायला लागला. मी बत्ता पुन्हा उचलला होता. या वेळी मी डोक्याकडे बघत होते, खांद्याकडे नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहिते. अक्कानं माझा पाय धरला म्हणून बत्ता खाली आला नाही.

शेजारी धावत आले, मग पोलीस. त्याचं गळ्याजवळचं हाड तुटलं होतं. त्याचा एक्स-रे माझ्या सहकाऱ्यानं काढला, मला आत येऊ दिलं नाही. ठाण्यात त्यानं सांगितलं की मावशीनं मालमत्तेसाठी मारलं. माझा ओठ सुजलेला, बोलता येत नव्हतं. दोन तास अक्का खाली मान घालून बसली. हवालदार बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, "आजी, हात कोणी तोडला?" मग अक्कानं मान वर केली आणि मुलाचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. त्यानंतर ती सगळंच बोलली. तिच्या तक्रारीवरून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, त्याच्या तक्रारीवरून माझ्यावर. दोन्ही अजून चालू आहेत.

अक्का माझ्याकडेच राहिली. आठवड्यानं एका सकाळी तिनंच नकाशा काढून मांडीवर पसरला.

"तू कोठे कोठे थांबनार व्हती?"

मी नागपूर दाखवलं, कोलकाता दाखवलं. ती ऐकत होती, खोडत नव्हती. मग म्हणाली, "पहिले धुळे."

"धुळे उलट्या दिशेला आहे, अक्का."

"माले माहित शे."

निघायच्या आदल्या आठवड्यात आम्ही धुळ्याला सुनेच्या माहेरी गेलो. तिनं दार अर्धंच उघडलं. अक्का उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "मन्ही चूक व्हयनी." सुनेनं तिच्या प्लास्टरकडे बघितलं.

"तो मला मारत होता तेव्हा तुम्ही बाहेरून कडी लावून ओट्यावर बसला होतात," ती म्हणाली. "शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. मी अक्काकडे बघितलं.

"मी आतून दार वाजवत होते. तुम्हाला ऐकू येत होतं."

अक्कानं हो म्हणून मान हलवली. सुनेनं पाणी आणून दिलं, ते आम्ही उभ्यानंच प्यायलो. मग ती हळूच म्हणाली, "पुन्हा येऊ नका," आणि दार लावलं. जळगावच्या बसमध्ये आम्ही एकाच बाकावर बसलो. माझ्या बहिणीवर मी इतकी कधीच चिडले नव्हते, आणि तिचा तुटका हात माझ्या मांडीवर होता.

आम्ही गेलो. नागपूरला एक दिवस राहिलो, कोलकात्याला दोन. नागपूरच्या लॉजमध्ये अक्का दुपारी जेवून झोपली ती संध्याकाळीच उठली. कोलकात्याला तिनं ट्रामच्या मागे धावून माझा जीव घाबरा केला.

पुढच्या गाडीत समोरच्या बाकावर एक मराठी बाई होती, अमरावतीकडची. तिनं प्लास्टर बघून सहज विचारलं, "काय हो, पडल्या का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात अक्का म्हणाली, "नही. मना पोऱ्यानी मारं."

त्या बाईनं आपली पिशवी उचलली आणि अक्काला खिडकीजवळची जागा दिली. बाहेर पाण्यानं भरलेली भातशेतं लागली होती. अक्का हात खिडकीच्या कठड्यावर ठेवून बघत बसली.