नाकावरची धूळ

काल सकाळी सव्वादहाला एसटी स्टँडवर माझ्या थोरल्या बहिणीचा, सुषमाताईचा, अपमान झाला. तिला फिट आली आणि शेजारच्या काकांनी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. "हुंगू दे, उतरेल!"

मी चप्पल ढकलली, ताईला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी ठेवली. दोन मिनिटांत झटके आपोआप थांबले.

"बघ, चपलेचा गुण!" काका म्हणाले.

भानावर आल्यावर ताईने नाकावरची धूळ पुसली. "आज कुणाची चप्पल गं?" तिने इतक्या सवयीने विचारलं की माझं डोकंच फिरलं. गोळी ती रोज न चुकता घेते. ही धूळ कुठल्या गोळीने जाणार?

कुणी असं कोसळलं, तर तुमची चप्पल पायातच ठेवा आणि त्या माणसाला कुशीवर वळवा.