डुप्लिकेट समजून काढलेला कोड

चूक माझी होती. रिपोर्टमध्ये मात्र मी ती साळवे मामांच्या नावावर टाकली. 'मूळ कारण' या रकान्यात माझ्या हातानं टाईप केलं : यूजर एरर. म्हणजे वापरणाऱ्याची चूक. आमच्या धंद्यात हे दोन शब्द फार सोयीचे आहेत.

मी ईआरपी कन्सल्टंट आहे. कंपनीची खरेदी, स्टोअर, उत्पादन, डिस्पॅच हे सगळं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला ईआरपी म्हणतात. वाळूज, शेंद्रा, चितेगाव या भागातल्या कारखान्यांमधली जुनी सॉफ्टवेअरं काढून नवी बसवायची, हे माझं काम.

चितेगावची ही कंपनी दुचाकीच्या गिअरबॉक्सला लागणाऱ्या पिना बनवते. तिथलं जुनं सॉफ्टवेअर काळ्या स्क्रीनवर चालायचं. ते लिहिणारा माणूस केव्हाच शहर सोडून गेला होता. प्रिंटर बदलला तरी ते रुसायचं. ते बदलायलाच हवं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

अशा कामात सगळ्यात किचकट भाग असतो आयटम मास्टर साफ करण्याचा. आयटम मास्टर म्हणजे कंपनीतल्या प्रत्येक वस्तूची यादी. प्रत्येक वस्तूला एक कोड. वर्षानुवर्षं लोक हव्या तशा नोंदी करत जातात आणि एकाच बेअरिंगचे तीन कोड निघतात. असे डुप्लिकेट शोधून एक करायचे, म्हणजे मर्ज करायचे. मला त्यात मजा यायची. यादी आखूड होत गेली की घर झाडून काढल्यासारखं वाटायचं.

बावीस एमएमच्या स्टील बारचे दोन कोड होते. नाव तेच, साईज तीच, ग्रेड तीच. एकाच्या शेवटी फक्त एक्स. मी एक्सवाला उडवला आणि त्याचा स्टॉक दुसऱ्यात मिळवला.

यादी सहीसाठी स्टोअरमध्ये नेली. साळवे मामा तिथले स्टोअरकीपर. गंगापूरकडचे, कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचे. बोट ठेवत ठेवत त्यांनी यादी वाचली आणि त्या ओळीवर थांबले.

"सर, ह्यो एक्स कुठं गेला?"

"डुप्लिकेट होता मामा. मर्ज केला."

"डुप्लिकेट नाय तो. येगळा माल हाय."

"ग्रेड तीच आहे ना?"

"ग्रेड तीच हाय, पन..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. दुसऱ्या साईटवर काहीतरी अडलं होतं. परत आलो तेव्हा मला निघायची घाई होती. "नवी सिस्टीम बघून घेईल मामा," मी म्हणालो.

"तुमची सिस्टीम लई हुशार हाय सर. पन तिनं बार उचलून बघितलाय का कधी?"

स्टोअरमधले सगळे हसले. मीही हसलो. मामांनी सही केली. त्यांच्या त्या 'पन'पुढचं वाक्य मी ऐकलंच नाही.

मग गो-लाईव्ह झालं, म्हणजे जुनं बंद करून कंपनी नव्यावर आली. त्या आठवड्यात माझा सगळीकडे एकच नियम असतो : डोक्यातलं काही नाही, स्क्रीनवर येईल तेच. नाहीतर लोक गुपचूप जुन्याच पद्धतीनं काम करत राहतात. कुठल्या रॅकमधून किती बार काढायचे, याची स्लिप आता सिस्टीम छापत होती. आधी आलेला माल आधी वापरायचा, हा तिचा हिशोब. तिसऱ्या दिवशी मागच्या कोपऱ्यातल्या रॅकची स्लिप निघाली. मामा ती घेऊन माझ्याकडे आले.

"सर, ह्या रॅकचा माल द्यायचा नसतो."

"स्लिपवर काय आहे?"

"स्लिपवर ह्योच हाय."

"मग हाच द्या. मामा, तुम्हीच नियम मोडलात तर बाकीचे काय करतील?"

त्यांनी स्लिप परत हातात घेतली. "बरं," म्हणाले. माल दिला आणि स्लिपवर सही केली.

त्या बारच्या पिना झाल्या. भट्टीत तापवून कडक करण्याची प्रक्रिया झाली, तरी त्या पुरेशा कडक झाल्या नव्हत्या. ग्राहकाच्या असेंब्ली लाईनवर काही पिना वाकल्या आणि त्यांची लाईन थांबली. सगळा लॉट परत आला.

एक्सचा अर्थ मला तेव्हा कळला. बारसोबत टेस्ट सर्टिफिकेट येतं. स्टील खरंच त्या ग्रेडचं आहे, असं सांगणारा कागद. कधी माल येतो आणि कागद मागं राहतो. तोवर माल वापरायचा नसतो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये माल असा थांबवून ठेवायची, होल्डवर टाकायची सोयच नव्हती. मामांनी स्वतःची तोड काढली होती. कागद नसलेला माल एक्समध्ये. कागद आला, लॅबनं ओके म्हटलं, की मूळ कोडात. मागच्या रॅकमधल्या बारचा कागद कधी आलाच नव्हता.

मीटिंग बसली. प्लांट हेड पाठक साहेबांनी स्लिप समोर ठेवली.

"मामा, सही तुमची?"

"व्हय."

"हा माल द्यायचा नाही, हे माहीत होतं?"

"म्हाईत व्हतं. पन स्लिप निघाली साहेब."

"स्लिप निघाली तर विष वाटाल का?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपमध्ये बघत होतो. साहेब माझ्याकडे वळले. "सिस्टीममध्ये काही प्रॉब्लेम?"

"सिस्टीम बरोबर चालली सर," मी म्हणालो.

हे वाक्य अक्षरशः खरं होतं. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून निघालं. याच कंपनीच्या दुसऱ्या प्लांटचं काम आम्हाला मिळायचं होतं. ग्राहकाला रिपोर्ट द्यायचा होता, तो मी लिहिला. मामांची बदली स्क्रॅप यार्डात झाली. पगार तोच राहिला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाबद्दल कॅन्टीनमध्ये एवढंच बोललं जाऊ लागलं, की म्हाताऱ्याला कम्प्युटर झेपला नाही.

चार महिन्यांनी सपोर्टसाठी गेलो. स्टोअरला आता एक इंजिनिअर बसत होते. ते म्हणाले, "सर, सर्टिफिकेट न आलेल्या मालाला वेगळा कोड बनवून द्या ना. त्याशिवाय जमत नाही."

मी म्हणालो, वेगळा कोड कशाला, नव्या सिस्टीममध्ये होल्डची सोय आहे. तिथंच बसून सुरू करून दिली. अर्धा तास लागला. मामांचं वाक्य पुरतं ऐकलं असतं, तर हाच अर्धा तास तेव्हा लागला असता.

उठून स्क्रॅप यार्डात गेलो. मामा लोखंडाचा चुरा वेगळा करून घेत होते.

"या सर. इथं काय मर्ज करायचं राहिलं?"

"मामा, चूक माझी होती. तुम्हाला सांगायला आलोय."

"ते मला म्हाईतच हाय. मला कशाला सांगता? नाव मीटिंगमंदी काढून घेतलं, अन् इथं भंगारात येऊन परत देता व्हय?"

मी सरळ पाठक साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं.

"एवढे दिवस काय करत होतात?" त्यांनी विचारलं.

"घाबरलो होतो."

त्यांनी जुना रिपोर्ट काढून वाचला. मग म्हणाले, "ग्राहकाला नवा रिपोर्ट द्यावा लागेल. तुम्ही माझ्यासोबत यायचं."

मी गेलो. दुसऱ्या प्लांटचं काम आमच्या कंपनीला मिळालं नाही. मामा स्टोअरला परत आले, पण एक अट घालून : होल्ड उठवायचा अधिकार सिस्टीममध्ये त्यांच्या नावावर हवा. तो आजही त्यांच्याच नावावर आहे. आणि मी आता कुठलाही कोड काढण्याआधी तो बनवणारा माणूस शोधतो. बहुतेक वेळा कोड खरंच डुप्लिकेट निघतो. दिवस वाया जातो. जाऊ देतो.

पण हे सगळं नंतरचं. केबिनमधून निघताना साहेबांकडे मी एकच गोष्ट मागितली होती : दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या मीटिंगमध्ये दोन मिनिटं. ही मीटिंग शॉप फ्लोअरवर उभ्यानं होते. ऑपरेटर, सुपरवायझर, क्वालिटीवाले, सगळे होते. मामांनाही बोलावलं होतं. ते मागं, खांबापाशी उभे होते. मी म्हणालो :

"तो एक्स कोड मी काढला. साळवे मामांनी मला दोनदा अडवलं. दोन्ही वेळा मी ऐकलं नाही. माल द्या, असं मीच सांगितलं. नंतर चौकशी झाली तेव्हा मी गप्प बसलो आणि रिपोर्टमध्ये त्यांचं नाव घातलं. मामा, मला माफ करा."