पाच सॉफ्टवेअर आणि आईचा कोट

कापड रंगवण्याच्या कारखान्यात धाकटीने चौतीस वर्षं एकच काम केलं : दोन रंग सारखे आहेत की नाहीत, ते सांगायचं. गिऱ्हाईक नमुन्याचा तुकडा पाठवायचं, रंगखान्यातून त्याबरहुकूम कापड रंगून यायचं, आणि ती दोन्ही तुकडे खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवून म्हणायची, "लाल कणभर जास्त." रंगारी कपाळाला हात लावायचे, पण कापड निमूट परत हौदात जायचं. शेड म्हणजे रंगाची छटा, म्हणून तिथे सगळे तिला शेडबाई म्हणत. घरी मात्र ती एकसष्टाव्या वर्षीही धाकटीच होती. तिच्याहून तीन वर्षांनी मोठी ताई दोन गल्ल्या सोडून राहायची आणि ताईसमोर हिचं वय वाढायलाच तयार नव्हतं.

दोघी बहिणींत मिळून एक आल्बम होता. जाड काळ्या पानांचा, आत चौकोनी रंगीत फोटो. तो सहा महिने हिच्याकडे राहायचा, सहा महिने तिच्याकडे. एकदा ताईने आठवडाभर उशिरा दिला, तर दोघी चार दिवस एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. फोटो सगळे बाबांनी काढलेले. पोटाशी धरायचा आणि वरून काचेत डोकावायचं, तसला त्यांचा कॅमेरा होता. काढणारे तेच, त्यामुळे त्र्याऐंशी फोटोंपैकी एकातही बाबा नव्हते. धाकटी सहा वर्षांची असताना ते गेले. त्यांचं एक ओळखपत्र तेवढं राहिलं होतं, तेही वरच्या मजल्यावरचा नळ फुटला तेव्हा भिजून त्याचा लगदा झाला. ताईला बाबांचा चेहरा आठवायचा. धाकटीला आठवायचा नाही, आणि ही गोष्ट तिने कधी कुणाजवळ काढली नव्हती.

निवृत्त होऊन तीन महिने झाले असतील. एका सकाळी आल्बम उघडला तर एक पान कोपऱ्यातून तुटून हातात आलं. ती तशीच पान कवटाळून ग्रंथालयात गेली, तिथे पुस्तकं दुरुस्त करणारं कुणी असेल म्हणून. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "चिकटवून किती दिवस चिकटवाल? फोटो स्कॅन करा आणि कॉम्प्युटरवर स्क्रॅपबुक करा. पानं हवी तशी मांडा, शेजारी मजकूर लिहा, जुनी तिकिटं, कापडाचे तुकडे लावा. मग पुस्तक छापून घ्या."

"म्हणजे दोघींना एकेक प्रत मिळेल?"

"दोघींना काय, वीस जणांना मिळेल."

धाकटीला खुर्चीत बसवेना. पन्नास वर्षं जी वाटणी धड जमली नव्हती, ती ही बाई एका वाक्यात करून देत होती! त्याच आठवड्यात तिने ग्रंथालयाच्या स्कॅनरवर सगळे फोटो मोठ्या आकारात उतरवून घेतले. वर आपल्या कारखान्यातल्या नमुन्यांची पुठ्ठ्यावर चिकटवलेली जुनी कापडंही नेली. फोटोंच्या मागे पार्श्वभूमी म्हणून छापील फुलापानांपेक्षा आपलं कापड काय वाईट? पण फोटो पडद्यावर मोठे झाले तसे त्यांचे हालही मोठे दिसले. सगळे तांबूस, जणू कुणी लाल काचेतून बघतंय.

"निळा आधी पळतो," ती नवऱ्याला म्हणाली. "कापडाचं असो नाहीतर कागदाचं, प्रत्येक मिश्रणात एक कच्चा असतोच. यात निळा कच्चा निघाला. तो गेला की मागे राहिलेला लाल घरभर मिरवतो."

"मग त्या निळ्याला परत बोलाव."

"तेच तर! त्यासाठी सॉफ्टवेअर हवं. आणि ती आहेत ढीगभर."

कुठलं घ्यावं, ते ग्रंथपाल बाईंनी तिच्यावरच सोपवलं होतं. "प्रत्येकाचा हात वेगळा असतो," त्या म्हणाल्या होत्या. धाकटीने एक कोरी वही काढली, पानावर उभ्या रेघा मारल्या, आणि परीक्षेसाठी एकच फोटो निवडला. बुटांच्या दुकानासमोर आई उभी, तिच्या एका बाजूला ताई, एका बाजूला आपण, आणि आईच्या अंगात तो लांब कोट. त्या कोटाचा रंग धाकटीला अजून पाठ होता. जे सॉफ्टवेअर तो रंग परत आणेल, ते आपलं.

पहिलं फोनवरचं होतं. त्यात जादूच्या काडीचं एक बटण होतं. दाबलं मात्र, तिघींचे गाल टोमॅटोसारखे झाले आणि आकाश असं निळं झालं की तसं आकाश त्या गावावर कधी उगवलंच नसेल. धाकटीने वहीत लिहिलं : "गोड बोलणारं. विश्वास नको."

दुसरं छायाचित्रकार लोक वापरतात ते. उघडलं तर चारी बाजूंनी बटणंच बटणं. तीन दिवस ती त्यात चाचपडली, मग हळूहळू वाट सापडली आणि तिची कळी खुलली, कारण त्यात लाल, हिरवा, निळा वेगवेगळे हलवता येत होते. पण ते महिन्याच्या वर्गणीवर मिळायचं. उद्या वर्गणी थांबवली तर आपण मांडलेली पानं आपल्यालाच उघडणार नाहीत, हे कळल्यावर तिने ते नाराजीनेच मिटवलं.

तिसरं खास स्क्रॅपबुकसाठीच होतं. फिती, फुलपाखरं, बटणं, पिना, नुसती जत्रा. धाकटी दुपारभर त्यात रमली. पण फोटो एकदा पानावर बसवला की बसला. मागाहून त्याचा रंग सुधारायचा तर सगळं पान मोडायचं. "हे लग्नाच्या पत्रिकेला ठीक आहे," ती म्हणाली.

नवरा दारातून हे सगळं बघत होता. "मला पसंत करायला तुला एवढे दिवस लागले नव्हते."

"तेव्हा ट्रायल व्हर्जन मिळत नव्हतं," ती मान वर न करता म्हणाली.

चौथं फुकट मिळणारं होतं, हौशी लोकांनी एकत्र येऊन बनवलेलं. दिसायला अगदीच ओबडधोबड. पण त्यात थर होते, म्हणजे एकावर एक काचा ठेवाव्यात तसे. एका काचेवर मूळ फोटो, दुसरीवर रंगाची दुरुस्ती, तिसरीवर मजकूर. एक काच उचलली तरी खालच्या फोटोला ओरखडासुद्धा नाही. शिवाय प्रत्येक रंगाची एकेक रेघ, ती बोटभर वर ओढली की तो रंग वाढे. हा तर रंगखानाच! लाल थोडा खाली. निळा वर. पिवळा जरासा. तासाभरात आईचा कोट हिरवागार होऊन पडद्यावर उभा राहिला. तिने ताईला फोन लावला.

ताई आली, चष्मा लावून वाकली आणि म्हणाली, "कोट निळा होता."

"हिरवा होता, ताई."

"माझ्यापुढे तू कालची पोर. निळा होता."

"चौतीस वर्षं रंग बघितलेत मी!"

"तो कोट बघितलास तेव्हा तुला बुटाची नाडी बांधता येत नव्हती."

ताई तणतणत घरी गेली आणि अर्ध्या तासात परत आली. हातात शिवणाच्या डब्यातलं एक बटण होतं, कोटाच्याच कापडाने मढवलेलं. आईने कधीतरी तुटलेलं जपून ठेवलं होतं आणि पुढे तो डबा ताईकडे आला होता. अंधारात राहिल्यामुळे कापडाचा रंग शाबूत होता. धाकटीने ते खिडकीशी नेलं, फिरवून फिरवून बघितलं, आणि तिला हसू आवरेना.

"काय झालं?"

"मोरपंखी! इकडून बघ, हिरवा. तिकडून बघ, निळा. आपण दोघीही बरोबर आणि दोघीही चूक."

"मी जास्त बरोबर," ताई म्हणाली, पण तीही हसत होती.

मग धाकटी बटण पडद्याशेजारी धरून बसली आणि रंगाच्या रेघा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत राहिली. कोट जुळला. "हेच," ताई हळूच म्हणाली. तरी जाता जाता तिने सांगून टाकलं, की तिच्या शेजारणीकडे याहून भारी एक हुशार सॉफ्टवेअर आहे, आपोआप सगळं करतं, पुसट चेहरेसुद्धा लख्ख करतं. धाकटीने वहीत पाचवी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर ती उरलेला फोटो उजळायला बसली. आईच्या खांद्यामागे दुकानाची काच होती आणि ती नुसती काळी पडली होती. त्या काळ्यात बुटांच्या जोड्या असतील, त्या दिसाव्यात म्हणून तिने फक्त तेवढ्या भागाचा अंधार उपसायला घेतला. बूट दिसायला लागले. आणखी थोडं. बुटांच्या वर एक आडवी पट्टी दिसली. आणखी थोडं. ती पट्टी नव्हती, कुणाचे तरी कोपर होते. दोन्ही अंगाशी घेतलेले, मध्ये पोटाशी धरलेला एक डबा, आणि वर खाली वाकवलेलं डोकं.

धाकटीचा हात माऊसवरून निघाला. ती उठली, खोलीत एक फेरी मारली, परत येऊन बसली. काचेत रस्त्याचं प्रतिबिंब पडलं होतं. आणि रस्त्यात उभं राहून फोटो काढत होते, ते...

"अहो!" ती ओरडली. "अहो, इकडे या! आधी ताईला बोलवा!"

ताई घरातल्याच सपाता घालून धावत आली. धाकटीने नुसतं बोट दाखवलं. ताईने चष्मा पुसला. मग परत पुसला.

"टोपी काखेत," ती म्हणाली. "बघितलीस? फोटो काढताना डोळ्यांवर सावली यायची म्हणून टोपी काढून काखेत दाबायचे. आई ओरडायची, टोपी चेंगरते म्हणून." तिने पडद्यावर बोट टेकवलं. "एक खांदा खाली. असेच उभे राहायचे. बाबाच आहेत गं."

"नक्की?"

"कान बघ. डोक्यापासून बाहेर आलेले. तुझेच आहेत."

धाकटीने आपल्या कानाला हात लावला. लहानपणापासून ज्यांच्यावरून चेष्टा झाली, ते केसांखाली लपवलेले कान. ती रडत होती की हसत होती, ते तिच्या नवऱ्यालाही सांगता आलं नसतं. तो मागे उभा राहून एवढंच म्हणाला, "नमस्कार, सासरेबुवा. फार उशिरा भेट झाली."

पण चेहरा पुसट होता. वाकलेलं कपाळ, नाकाची रेघ, गालाचा एक उजेड, बस. ताईला राहवेना. "त्या हुशार सॉफ्टवेअरमध्ये घाल ना. लख्ख करेल. तुला नीट दिसतील."

धाकटीलाही तेच हवं होतं. पंचावन्न वर्षं हवं होतं. तिने ते पाचवं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, फोटो दिला, आणि दोघी पडद्याला खेटून बसल्या. क्षणात पडद्यावर एक माणूस आला. रेखीव भुवया, सरळ नाक, भांग पाडलेले दाट केस, ओठांवर हसू. आणि कान छोटे, व्यवस्थित, डोक्याला चिकटलेले.

ताईने बराच वेळ बघितलं. "नाकीडोळी नीटस आहे," ती म्हणाली. "पण हा आपला कोण लागतो?"

"कुणीच नाही."

"मग घालव त्याला."

धाकटीने पडद्यावरची ती खिडकी बंद केली. तिला वाटलं होतं त्याहून कमी वाईट वाटलं. रंगखान्यात नमुना समोर असताना ती रंग परत आणायची. नमुनाच नसेल तेव्हा अंदाजाने रंगवून "हाच तो" म्हणायचं पाप तिने कधी केलं नव्हतं. जे फोटोत आहे तेवढं वर काढायचं, नाही ते भरायचं नाही. तिने वहीत चौथ्या रकान्याखाली दुहेरी रेघ ओढली. निवड झाली होती.

मग जेवणं झाली की ताई रोज यायला लागली. बाबांचं पान करायचं ठरलं तेव्हा धाकटी म्हणाली, "फोटोशेजारी मजकूर हवा. तू सांग, मी लिहिते. चेहरा कसा होता?" ताई सांगत गेली : हनुवटीवर दाढी करताना राहिलेली एक जागा नेहमी असायची, हसताना आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे, शिंक मात्र शेजारच्या घरापर्यंत ऐकू जायची. धाकटी टाइप करत होती आणि मध्येच थांबून विचारत होती, "अजून? अजून सांग." दोन पानं भरली. तिसरं घ्यावं लागलं.

पुस्तकाच्या दोन प्रती छापून आल्या त्या दिवशी ताईने आपली प्रत उभ्या उभ्याच चाळली आणि सातव्या पानावर थांबली. "इथे मी आठ वर्षांची लिहिलंयस. नऊची होते."

"अगं, थरात आहे, दोन मिनिटांत बदलते!"

"छापलेलं कसं बदलशील?"

"दुसरी आवृत्ती काढू!" धाकटी म्हणाली, आणि खरंच कॉम्प्युटर लावायला गेली.

आता दर बुधवारी सकाळी ती ग्रंथालयात बसते. लोक फिकट पडलेले फोटो घेऊन येतात, आणि बसायच्या आधीच विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर चांगलं? "ते मागाहून," धाकटी केस कानांमागे सारत म्हणते. "आधी फोटो दाखवा. यात कोण कोण आहे?"