पंखवालं घरी येतं

आमचे एगर्ट भावोजी रॉकेटवाले होते असं हल्ली गावातली पोरं सांगत फिरतात. ऐकलं की एकेकाच्या कानाखाली द्यावीशी वाटते. भावोजी होडीवाले होते. खाडीच्या काठावर त्यांची शेड होती आणि जन्मभर त्यांनी मच्छीमारांच्या होड्या बांधल्या. मधली काही वर्षं लढाईने त्यांना उचलून कुंपणाच्या आत नेऊन बसवलं, एवढंच.

माझी थोरली बहीण मेटा ही त्यांची बायको. आईवडील गेल्यावर मी ताईच्याच घरी राहायला आले. भावोजी मला भांडकुदळ म्हणायचे.

"गेझिने, तुझ्यासाठी बहिरा नवरा शोधायला हवा," वाम मासा धुरावर टांगता टांगता ते म्हणायचे.

"शोधा की. तुमच्यासारखा आंधळा नको म्हणजे झालं. ताईला बघून हो म्हणालात, मागे मी उभी होते ती दिसलेच नाही."

यावर ताई आम्हा दोघांनाही बटाटे सोलायला बसवायची.

मग लढाई आली. आमच्या बेटाच्या टोकाचं गाव उठवलं, तारेचं कुंपण पडलं, आणि आत वाऱ्याचा बोगदा उभा राहिला. मोठा पोकळ लोखंडी गोळा होता. पंप त्यातली हवा ओढून काढायचे. मग झडप उघडली की बाहेरची हवा बोगद्यातून अशी काही धावायची की भिंती ओरडायच्या. आत शिरणारी हवा आधी कोरडी करून घ्यायला लागायची, नाहीतर बोगद्यात धुकं धरायचं. वीस आकडे मोजेपर्यंत खेळ खलास. परत पंप सुरू. त्या वाऱ्यात रॉकेटची छोटी मॉडेलं अडकवून ठेवायची आणि त्यांचं काय होतं ते बघायचं. मला तिथे फोटो धुवायचं काम होतं आणि भावोजींना मॉडेलं कोरायचं.

ते दिवस चांगले होते असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. कुंपणाच्या आत पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातले कैदी दगड वाहायचे आणि आम्ही मान वळवून पुढे जायचो. तरी हे मेलं मन तिकडेच धावतं. भावोजींच्या टेबलाशी नासपतीच्या लाकडाच्या भुशाचा गोडसर वास यायचा. ते काचपेपर फिरवायचे, मग डोळे मिटून लाकडावरून अंगठा फिरवायचे, आणि मला हाक मारायचे, "ये, हात लावून बघ. तुझ्या जिभेसारखं नाही, गुळगुळीत आहे." आज ते असते तर मी त्यांना पुन्हा तेवढंच बोलू दिलं असतं, उलट उत्तर न देता.

एकदा नवं ड्रॉइंग आलं. रॉकेटला पंख. भावोजी लहान मुलासारखे खूश झाले.

"शेवटी शहाण्यांना अक्कल आली. आता हे परत येणार."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पंखवालं घरी येतं. करकोचे दर वर्षी येतात ना आपल्या छपरावर?"

ते काय आहे, कुठे जायचंय, हे तिथे विचारायचंच नसायचं. म्हणून भावोजींनी आपल्या डोक्याने जे समजायचं ते समजून घेतलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. नवी होडी बांधली की डोलकाठी उभी करायच्या आधी तिच्या बुडाशी एक तांब्याचं नाणं ठेवतात. नाणं नसलं तर होडी घरी येत नाही. भावोजींनी एकाही होडीत ते चुकवलं नव्हतं. या पंखवाल्याच्या पोटातही त्यांनी गुपचूप तांब्याचं नाणं, एक फेनिग ठेवला, वर लाकडाचं बूच ठोकलं, सरस लावला आणि घासून सपाट केलं. मलाही सांगितलं नाही.

नेमकं त्या मॉडेलला वाऱ्यात मोकळं झुलवून बघायचं होतं. ते झुललं, पण पोटातल्या नाण्याच्या वजनामुळे हिशोबाप्रमाणे नाही. पुन्हा वारा सोडला, पुन्हा तेच. आमचे बोगद्याचे मुख्य शास्त्रज्ञ डॉक्टर फोल्कमार तसे भले गृहस्थ, पण त्यांनी वैतागून मॉडेल करवतीने कापायला लावलं. फेनिग फरशीवर घरंगळत गेला. मी दारातच ओले फोटो घेऊन उभी होते.

"घातपात," पहाऱ्यावरचा अधिकारी म्हणाला, आणि भावोजींना घेऊन गेला.

या एका शब्दावर आदल्या हिवाळ्यात लेथवरचा एक माणूस नेला होता. तो परत दिसला नाही. घरी जाऊन ताईला कसं सांगितलं ते आता आठवतही नाही. ती चुलीपाशी बसली ती बसलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजी स्वतःच्या पायांनी आले. ताईने त्यांच्या पुढ्यात बटाट्याचं सूप ठेवलं.

"मारलं का हो?" मी विचारलं.

"नाही. हसले." भावोजींनी चमचा उचलला आणि परत ठेवला. "विचारलं, नाणं का ठेवलंस? मी म्हटलं, घरी परत यावं म्हणून. मग एक हसला, मग सगळेच. डॉक्टर म्हणाले, हा होडीवाला आहे, याचं काय मनावर घेता. झालं, सोडलं."

"हसू देत मेल्यांना," ताई म्हणाली. "तुम्ही घरी आलात, मला तेवढं पुरे."

"मी बाहेर आल्यावर डॉक्टरांना विचारलं, परत यायचंच नसेल तर पंख कशाला? ते म्हणाले, इंधन संपल्यावरही तरंगत पुढे जावं म्हणून. आत्ता ज्या गावांपर्यंत पोचत नाही, तिथपर्यंत."

ताईचा हात सुपाच्या भांड्यावर थांबला.

"मी त्याला घरी जा म्हणत होतो, मेटा," भावोजी म्हणाले. "ते घरीच जाणार होतं गं. कुणाच्या तरी."

भावोजींनी काम सोडलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण काम सोडणाऱ्याला तिथे हसून सोडत नव्हते. त्यांनी नवं मॉडेल कोरलं, पहिल्याइतकंच गुळगुळीत, कारण वाईट काम त्यांच्या हातून होतच नसे. मी त्याचे फोटो धुतले. त्यांचा मला राग आला नाही. सगळ्या जगाचा आला, त्यात मीही होते.

पण त्यानंतर पुन्हा कामावर जायची ती पहिली सकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ताईने आमचे डबे भरले आणि दारापर्यंत आली.

"संध्याकाळी वेळेवर घरी या," ती रोज म्हणायची तेच म्हणाली.

भावोजी रोज "येतो" म्हणायचे. त्या दिवशी ते खाली बघत पुढे चालायला लागले, आणि "येतो आम्ही" मला म्हणावं लागलं.