कच्चा चिवडा

मुरमुऱ्यांना कच्चं तेल आणि काळा मसाला चोळला, की त्या वासानं मी थेट लहानपणीच्या, शहरातल्या गारखेडा भागातल्या कुकिंग क्लासमध्ये जाते. शेवटच्या दिवशी आम्ही मुलांनी आपापला झटपट पदार्थ आईवडिलांसाठी टेबलावर मांडला होता. माझा चिवडा बघून बाई म्हणाल्या, "हे गावाकडचं इथं नको. यात शिजवलंस काय?" आणि वाटी टेबलाखाली सरकवली.

मी ती उचलून बिस्किटांच्या केकपुढं ठेवली. "नाय शिजवलं. म्हणून तर सगळ्यात झटपट झाला."

तेव्हा वाटलं, चिवड्यासाठी भांडले. आता कळतं, तो मसाला कुटणारी आई दारात उभी होती, म्हणून.

आज माझ्या क्लासची सुरुवात याच चिवड्यानं होते. ज्यांना नको, त्यांनी केक शिकायला दुसरीकडं जावं.