समाधानचा चोरटा ताप

आमच्या वडवणीकडच्या वस्तीवर ताप लपवण्यात समाधानचा हात धरणारा कुणी नाही. कितीतरी हंगाम त्यानं ऊस तोडला. तोडीवर एक दिवस आडवं झालं की खाडा पडतो, आणि खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. म्हणून हा गडी तापानं फणफणला तरी गाणं म्हणत कोयता चालवायचा.

मग तो मस्कतला माळी म्हणून गेला आणि हा गुणही सोबत घेऊन गेला. तिथं ताप भरला तेव्हा त्यानं गाणं सुरू केलं, पाण्याचा पाइप धरला आणि साहेबाच्या गुलाबांतच आडवा झाला. साहेबानं दवाखान्यात नेलं. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, आजारपणाची रजा हा तुझा हक्क आहे, पगार चालू राहील. समाधानला वाटलं, माणूस हाकलायची ही तिकडची रीत असेल. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गुलाबांत हजर! साहेबानं दंडाला धरून खोलीवर पोचवला. महिनाअखेर पगार पुरा आला तेव्हा कुठं त्याचा विश्वास बसला.

यंदा तो भरपगारी रजेवर घरी आला, तर त्याला कामावरून काढलं असं समजून वस्तीवरच्या बाया सांत्वनाला येऊ लागल्या. त्याची बायको पंचशीला मात्र त्याच्या रजेच्या गोष्टी कान देऊन ऐकायची. ती अजून भावाबरोबर तोडीला जाते. मागल्या हंगामात तापातच मोळी वाहताना पडली होती, आणि वर तिचाच खाडा मांडला. ते आठवलं की माझं अजून डोकं फिरतं.

दसऱ्याआधी विठ्ठलराव मुकादम नवा हंगाम ठरवायला आला. पंचशीलानं चहा दिला आणि विचारलं, "औंदा आजारी पडले तर?"

"खाडा. कावून इचारती?"

"ह्यांला मस्कतला आजारपनात बी पगार भेटला."

मुकादम लई हसला. "वैनी, तितं समाधान परका मानूस. परक्याला कायदा लागतो. तुमी तर आपल्या घरचे. घरात कुटं कायदा असतो का?"

"मंग औंदा आमाला परकंच समजा, मुकादम."

मुकादम चहा अर्धाच टाकून उठला. पण हल्ली तोडीला माणसं सहज मिळत नाहीत. दोन दिवसांनी तो परत आला आणि हळूच म्हणाला, "आजारपनाला खाडा न्हाई. पन कुनाला सांगू नका."

समाधाननं लगेच मान डोलावली. लपवायची सवयच त्याला. पंचशीला मात्र घागर घेऊन पाण्याला निघाली आणि सारी वस्ती फिरून रिकाम्या घागरीनं परत आली.