पेट्रोलच्या वासाची फिर्याद

ती फिर्याद आठवली की आजही मला एकट्याला हसू फुटतं आणि बायको आतून विचारते, "झालं का सुरू?" नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी आठवण सांगा म्हटलं की तोंडावर येते ती पेट्रोलच्या वासाची केस.

अर्धापूरहून नांदेडला येणाऱ्या रस्त्यावर माझं ठाणं होतं. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. एक जुनी कार आवारात शिरली आणि तिशीतला एक माणूस तावातावानं माझ्यासमोर उभा राहिला. लातूरकडच्या मुरुडचा भुसार व्यापारी. सासुरवाडी अर्धापूरजवळच्या खेड्यात. बायकोचं डोहाळजेवण उरकून दोघं परत निघाले होते.

"साहेब, माझ्या मेहुण्यावर केस घ्या. त्यो मला गाडीसकट जाळणार हाय!"

मी त्याला आधी पाणी पाजलं, मग बोलतं केलं.

"गाडीत पेट्रोलचा वास येऊन राहिलाय. दुकानाला जातो, लातूरला जातो, तवा न्हाई येत. सासुरवाडीहून निघालो की येतो. ही तिसरी खेप हाय. आज तर हिला दोनदा उलटी झाली."

"पण मेहुणा कशाला असं करेल?"

तो जरा घुटमळला. मग कळलं. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, मान घेतो. या भावानं कान असा पिळला की नवरदेवाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळा मांडव हसला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. मी हसू दाबलं. याहून फालतू कारणावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, तेव्हा हसण्यावारी नेण्याची सोय नव्हती.

"आता बाळंतपण मुरुडलाच. त्या दारात हिचं पाऊल पडणार न्हाई," तो म्हणाला.

त्याची बायको दाराशी उभी होती. आठवा महिना. "साहेब, आईनं खोली सारवून ठेवलीय, डिंक आणून ठेवलाय. माझं पहिलंच हाय हो. मला आईजवळ जायचंय," एवढं म्हणून ती रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. वास कुठून येतो ते सापडलं नाही, तर ही पोरगी माहेराला मुकणार होती.

तिला लिंबाच्या सावलीत बसवलं. गाडीची चारी दारं उघडी टाकली. आमच्या जमादारांना म्हटलं, बिडी खिशात ठेवा आणि गावात जाऊन चौकशी करून या. ते आले ते बातमी घेऊनच. पहाटे मेहुण्यानं गाडी चालू न करता, ढकलत अंगणाबाहेर नेली होती आणि तासाभरानं गुपचूप आणून लावली होती. शेजाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलेलं.

"बघा! मी सांगत न्हवतो?" जावयानं मांडीवर थाप मारली.

मेहुण्याला बोलावलं. शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग, तसाच बागेतून उठून आलेला. त्याला एकट्याला आत घेतलं.

"पहाटे गाडी नेली होतीस?"

"हाव."

"कुठं?"

गप्प.

"पाइप कापलास?"

"आईशप्पथ न्हाई, साहेब!"

"मग कशाला नेली?"

तो शर्टावरचा डाग नखानं खरवडायला लागला. खोटं बोलणारा भराभर बोलतो, असा माझा अनुभव. हा तर तोंडच उघडेना आणि त्याचे कान लालबुंद झालेले. माणूस भ्यालाय की लाजलाय, हे पोलिसाला ओळखता आलं पाहिजे. मी दार लोटलं आणि चहा मागवला. दोन घोट पोटात गेल्यावर तो पुटपुटला, "दाजींना सांगणार न्हाईत ना?"

"नाही सांगत."

"पंपावर नेली व्हती."

"पेट्रोल काढायला?"

तो असा दुखावला की खुर्चीतून उठलाच. "काढायला? काय बोलता साहेब! भरायला!"

मग सगळं बाहेर आलं. लग्नानंतर पहिल्यांदा आलेल्या जावयाला सासऱ्यांनी पेट्रोलसाठी पैसे देऊ केले, तर जावई उखडला, "मी काय मागायला आलोय का?" तेव्हापासून सासूबाईंचा हुकूम, लेक इतक्या लांब जाते, टाकी भरून द्यायची, पण जावयाला कळू द्यायचं नाही. हा पठ्ठ्या गाडी हलवून हलवून, टाकीतली हवा काढून, टाकी पार गळ्यापर्यंत भरायचा.

"अरे, पण काटा दिसत नाही का त्याला?"

"काटा बंद हाय, साहेब. म्हणून तर खपून चाललंय."

माझ्या डोक्यात उजेड पडला. बाहेर येऊन जावयाला विचारलं, काटा केव्हापासून बंद? तो म्हणाला, वर्ष झालं, एका मेस्त्रीनं मागची सीट काढून खोलला होता, पण जमला नाही. मी आमच्या ड्रायव्हरला ती सीट उचलायला लावली. खाली टाकीवरचं गोल झाकण, काट्याची तार तिथूनच आत जाते. त्याखालची रबराची रिंग एका बाजूला चेमटून चिरलेली. चौघांनी गाडी मागंपुढं हलवली, तसं तिथून पेट्रोल पाझरलं आणि भपकन वास आला. टाकी अर्धी असली की पेट्रोल तिथवर पोचतच नव्हतं. पोचायचं ते फक्त सासुरवाडीहून निघाल्यावर!

ड्रायव्हरनं नांदेडहून रिंग आणली. वरचं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, रिंग बसवली, काट्याची सुटलेली तार जोडली, पेट्रोल परत ओतलं. गाडी पुन्हा हलवली. झाकण कोरडं. मग जावयानं किल्ली फिरवली. वर्षभर मेलेला काटा उठला आणि थेट शेवटाला जाऊन टेकला.

"आँ? फुल? मी तर थोडंसंच टाकलं व्हतं!" त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी शब्द दिलेला, म्हणून लिंबाच्या झाडाकडं पाहत राहिलो. मग त्याची नजर मेहुण्याच्या लाल कानांवर गेली.

"तू भरलंस?"

"आईनं सांगितलं व्हतं, दाजी."

"तिन्ही खेपेला?"

"हाव."

जावई खाली उतरला, मेहुण्याजवळ गेला आणि त्याचा कान धरून असा पिळला की तो गडी "आई गं!" करून ओरडला. अख्खं ठाणं हसलं. पुढच्या क्षणी जावयानं त्याला मिठी मारली. जावयाचे डोळे भरलेले मी पाहिले.

त्याची बायको गाडीत जाऊन बसली. "आता माघारी फिरवा, आईकडं," ती म्हणाली. गाडी मुरुडऐवजी अर्धापूरकडं वळली.

गुपचूप केलेल्या कामामागं गुन्हाच असतो, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. त्या दिवसापासून संशयिताला एक प्रश्न जास्तीचा विचारायला लागलो आणि काही घरं त्यानं वाचली.

त्यांना मुलगी झाली. बारसं उरकून मुरुडला परत जाताना गाडी ठाण्यासमोर थांबली. जावयानं काच खाली केली. "साहेब, वास घेऊन बघा."

मी खिडकीतून डोकं आत घातलं. काटा शेवटाला टेकलेला होता आणि गाडीभर ओव्याच्या धुरीचा वास होता.